प्रियंकाचे डोहाळे

थांबा मॅडम, त्या खोलीची चाबी फिरवाच्या आंधी चहा घ्या. तुमी आजच आल्या, या दवाखान्याच्या नवीन डॉक्टरीण. म्हणून त्या बंद खोलीची गोष्ट तुमाले आताच सांगून टाकतो. टपरी माही दवाखान्याच्या समोरच, सारं या बाकड्यावरून पाह्यलं.

तुमच्या आंधीच्या साहेबानं ते बाळंतपणाची खोली अशी सजवली होती का देव्हारा झक मारन. पांढऱ्या फरशा, नवा पलंग, पलंगावरचं प्लॅस्टिकही काढलं नोतं. आन् बाहेरून एवढं मोठं कुलूप. बाई कळा देत आली का साहेब लांबूनच म्हणे, केस बिकट आहे, यवतमाळले न्या. गावातली एक केस सोपी निघाली नाही. शेळी आणली असती तरी त्यानं यवतमाळले धाडली असती.

कांताबाईची लेक अर्पिता पयल्या बाळंतपणाले माहेरी आली होती. तिलेही धाडलं. वाटेतलं लोहारा गाव यायच्या आंधीच जीपमधे मोकळी झाली. लेकरू वाचलं. अर्पिताचं मात्र एवढं रक्त गेलं का चार बाटल्या चढवल्या तवा डोळे उघडले तिनं.

कांताबाई साहेबापाशी गेली. खोली काहून बंद, म्हणून इचारलं. साहेबानं नाकाले रुमाल लावला.

"बाई, बाळंतपणानं खोली खराब होते. स्वच्छतेच्या बक्षिसाची तपासणी आहे."

आता बोला. असा माणूस विहीर खंदन, आन् पाणी घाण होईन म्हणून बादली सोडू देनार नाही. आन् याले लोक वाकून नमस्कार करत.

कांताबाई भांडली नाही. घरी तिची सून प्रियंका पोटुशी होती, सातवा सुरू होता. तिनं सुनेचं डोहाळजेवण ठरवलं. तपासणीच्याच दिवशी, त्याच खोलीच्या दारापुढं. हिरवं लुगडं, फुलाच्या वेण्या, पुरणपोळी, गावच्या साऱ्या बाया. साहेब हाकलाले धावला, तेवढ्यात गाडी आली. जिल्ह्याच्या मोठ्या बाई उतरल्या. त्याईले वाटलं, कार्यक्रम तपासणीसाठीच ठेवला. साहेब लगेच दात काढून म्हणे, हो हो, आमीच ठेवला. लाज तर त्यानं कधी जवळ बाळगलीच नाही.

मोठ्या बाईनं ओटी भरली, फोटो काढला, आन् मायेनं इचारलं, "काय डोहाळे लागले व तुले?"

प्रियंकानं मान वर केली. "मले या खोलीत बाळंत व्हाचे डोहाळे लागले."

पोटुशीच्या डोहाळ्याले नाही म्हणाची हिंमत कोण करन? मोठ्या बाई साहेबाकडं पाहून राह्यल्या. साहेब खिसे चाचपे, कपाट धुंडाळे, चाबी काही सापडेना. शेवटी प्रियंकाचा सासरा उकंडा उठला आन् गोट्यानं कुलूप तोडलं.

खोली चकाचक. मोठ्या बाईनं हात धुवाले नळ सोडला. नळ नुसता गरगर फिरला, थेंब नाही. मागं पाइपच जोडला नोता. बटन दाबलं, तर वायर नोती.

तुमाले वाटन, साहेबाचं काहीतरी झालं असन. झालं ना. स्वच्छतेचं दुसरं बक्षीस झालं. खोलीत एक डाग नाही म्हणे. वरून शहरात बदली. जाता जाता नवीन कुलूप ठोकून गेला, आन् जुनं तोडलं म्हणून उकंडाच्या नावानं तक्रारही देऊन गेला.

मोठ्या बाईले तेवढी शरम होती. साहेब जायच्या आंधीच त्याईनं पाइप जोडून देला, वायर टाकून देली. आता पाणी येते, दिवा लागते. फक्त कुलूप राह्यलं.

प्रियंकाचे दिवस भरले मॅडम. आज होईन का उद्या. आन् कांताबाईनं जीपवाल्याले सांगून ठेवलं, येऊ नको म्हणून. तुमच्याच भरोशावर बसली ते.

चहा झाला असन तर चला. खोली उघडा, आन् ते कुलूप मले देऊन टाका. माह्या टपरीले कुलूप नाही.