पाइपाला बांधलेली पिशवी

तेल्हाऱ्याचं शेत विकून आम्ही अकोल्यात तळमजल्यावर फ्लॅट घेतला. आधी तिथे पेट्रोलपंप होता. जमिनीत मुरलेल्या पेट्रोलचा वायू घरात शिरू नये म्हणून फरशीखालून गच्चीपर्यंत पाइप नेला होता.

उन्हाळ्यात माझ्या बायकोनं, कौशल्यानं, गच्चीवर कुरडया घातल्या. "अजी, पाइपाचं तोंड बांधा न. कुरडयायले वास लागून राहिला."

"तुया कुरडयायले मुंग्या लागत नाही, वास काय लागते!" म्हणत मी प्लास्टिकची पिशवी बांधली. सोडायची दोघंही विसरलो.

ती दिवसभर घरातच असायची; तिचं डोकं दुखू लागलं. पावसाळ्यात ती गेली. कशानं, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही.

नंतर पाइप तपासायला आलेल्या इंजिनिअरनं पिशवी पाहिली. "वायू घरातच साचला असेल, काका. कोणी बांधली?"

"मीच."

डब्यातली एक कुरडई मी नाकाशी धरली. कसलाच वास आला नाही.