दिवेलागणीचं बटण

शोभाताईंच्या घरी दिवेलागणीला माग थांबतो. देवापुढे वात पेटेपर्यंत घरात धागा हलू द्यायचा नाही, ही त्यांच्या सासूची रीत. त्या संध्याकाळी माग थांबला, आणि कोपऱ्यात काहीतरी घुरघुरतंय म्हणून शोभाताईंनी कॉम्प्युटरचंही बटण बंद केलं. पडद्यावर त्या वेळी लिहिलेलं होतं, ‘बंद करू नका.’ इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची नात कीर्ती मला बोलवायला आली. सातवीतली पोर, माझ्याकडे गणित शिकते. एरवी तिचं तोंड थांबत नाही. त्या दिवशी ‘कॉम्प्युटर’ एवढंच म्हणाली आणि पुढे पळत सुटली.

साकोलीहून आणलेला जुना कॉम्प्युटर. सुरू केला की चिन्ह यायचं, खाली ठिपके गोल फिरायचे, ‘बदल मागे घेत आहोत’ असं दिसायचं आणि पडदा काळा व्हायचा. मग पुन्हा चिन्ह.

“माहा मागही रोज सांजेले थांबते, गुरुजी,” शोभाताई म्हणाल्या. “सकाळी जिथं सोडला तिथूनच चालते. याले का झालं?”

“ताई, हा घर बदलत होता. जुन्या घरातलं सामान काढलं, नव्यात पोचलं नाही, आणि मधेच दिवे गेले.”

“नवं घर पाहिजे कोनाले होतं?”

“मीच हो म्हटलं,” कीर्ती हळूच म्हणाली. “तो रोज विचारून राहिला होता, अपडेट करून नवीन करू का म्हणून.”

मागावर तिचे वडील धर्मेंद्र बसले होते. गळ्याला उपरणं. तंबाखूच्या खर्ऱ्यानं घशाचा कॅन्सर झाला. नागपूरच्या ऑपरेशननंतर त्यांना आवाज नाही. ऑपरेशनच्या आधी ते रोज या कॉम्प्युटरपुढे बसून लेकीसाठी बोलून रेकॉर्ड करून ठेवत. तो आवाज आता फक्त या डब्यात होता. दुसरीकडे कुठेच नाही.

“पहिलं काय करायचं, कीर्ती?”

“दुरुस्त.”

“नाही. आधी जपायचं, मग दुरुस्त. बघ, चारदा अडल्यावर आता तो विचारतोय, सगळं काढून नव्याने सुरू करू का?”

“मी ते दाबनारच होती,” ती म्हणाली आणि हात पाठीमागे घेतला.

माझ्या पेन ड्राइव्हमध्ये दुसरी सिस्टिम असते. आतल्या डिस्कवर काही न लिहिता कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू करता येतो. तसा तो सुरू झाला. कीर्ती हसली. तेवढ्यात मागावर धोटा फेकणारा धर्मेंद्रंचा हात थांबला. विणकराचा कान, त्यांनी आधी ऐकलं.

टक. टक-टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

ते ठोके डब्यातून येत होते, आणि त्यांना ठेका नव्हता.

मुलांना मी खरं सांगतो. “डिस्क जातेय, बेटा. किती टिकेल ठाऊक नाही. एकेक फाइल या पेन ड्राइव्हवर काढू. आधी कोणती, ते तू सांग.”

यादी उघडली. ‘वाघाची गोष्ट’, ‘ताणा कसा जोडायचा’, ‘कीर्तीले हाक’. सगळ्यांत खाली, ‘कीर्ती मोठी झाल्यावर’.

“वाघाची!”

धर्मेंद्र उठून आले. नाही म्हणून मान हलवली आणि शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

“ते तर मंग आयकाचं आहे न, बाबा. आधी वाघाची.”

बोट हललं नाही. कीर्तीचे डोळे पडद्यावर होते. धर्मेंद्रंनी दुसऱ्या हाताने उपरणं जरासं सरकवलं, फक्त मला दिसेल इतकं. जुन्या व्रणाशेजारी नवी गाठ होती.

“आधी हीच घेऊ,” मी म्हणालो.

“काहून?”

लेकराचं ‘काहून’ मी कधी टाळलेलं नाही. म्हणालो, “मोठी आहे ना ती. वेळ लागेल.”

पडद्यावर कॉपीची पट्टी सरकू लागली. थांबायची, सरकायची. बाहेर उजेड ओसरला. शोभाताई काडेपेटी घेऊन उठल्या, देवापाशी गेल्या, आणि कॉम्प्युटरकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.

“हे चालूच आहे, गुरुजी.”

“हो, ताई.”

त्यांनी बटणाकडे पाहिलं. कीर्ती बटणापुढे जाऊन उभी राहिली. शोभाताई काडेपेटी मुठीत धरून खाली बसल्या.

“राहू दे,” म्हणाल्या. “आज देवच थांबंल.”

अंधार दाटला. पडद्याचा निळा उजेड तेवढा चौघांच्या तोंडावर होता. टक आली की कीर्ती पडद्याच्या आणखी जवळ सरकायची. पट्टी शेवटाला पोचली.

“आता वाघाची!” कीर्तीनं टाळी वाजवली.

मी नावावर दाबलं. यादी पांढरी झाली. आत काहीतरी लांब खरडलं, आणि डबा गप्प झाला. पुन्हा सुरू केला, केबल काढून लावली. टकही आली नाही.

मागे काडी ओढल्याचा आवाज झाला. वात पेटली. त्या उजेडात मी पेन ड्राइव्ह काढून कीर्तीच्या हातात दिला. तो अजून गरम होता.

तिने मूठ मिटली. “‘मोठी झाल्यावर’ म्हंजे किती मोठी, बाबा?”

धर्मेंद्र माझ्याकडे पाहत राहिले.