ताटल्या चिकटवलेलं टेबल

मित्रांनो, मला जुनं म्हणावं की नवं, याचा उलगडा मलाच कितीतरी दिवस होत नव्हता. वयानं पाहिलं तर मी जुनं जेवणाचं टेबल. पण माझ्यावर कोणी एक घास खाल्ला नव्हता, की पाण्याचा एक थेंब सांडला नव्हता. जेवणाच्या टेबलावर जेवणच नाही, म्हणजे बोलायला तोंड आहे आणि बोलायची बंदी. तसं काहीसं माझं चाललं होतं.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. सुतार मोठा गप्पिष्ट. रंधा मारता मारता तो लाकडाशीच बोलायचा, "जरा धीर धर बाबा, आता गुळगुळीत होशील." माझ्या शेजारी एका खानावळीसाठी लांबच लांब टेबल तयार होत होतं. त्याच्याकडे बघून मलाही वाटे, आपल्याभोवती माणसं बसतील, भांडतील, हसतील, कोणी कोपर टेकून डुलकी काढील.

एके दिवशी घराची सजावट करणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी मला डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून अरुंद करा."

सुतार म्हणाला, "मॅडम, याहून अरुंद केलं तर समोरासमोर दोन माणसं बसली की गुडघ्याला गुडघे लागतील."

"लागू देत. खोली मोठी दिसली पाहिजे. तिथे जेवणार कोण आहे?"

सुतारानं मान हलवली आणि करवत चालवली. लाकडाला करवतीचं दुखत नाही, ती आमची रोजची ओळख. पण मॅडमचं ते शेवटचं वाक्य माझ्यात कुसळासारखं रुतून बसलं.

मला नेलं ते एका सॅम्पल फ्लॅटमध्ये. बाहेर इमारतीचे नुसते खांब उभे होते आणि पुढच्या बाजूला हे एकच घर आधी सजवून ठेवलं होतं. लोकांनी यावं, बघावं, भुलावं आणि असंच घर विकत घ्यावं, यासाठी. तिथला पलंग नेहमीच्या पलंगापेक्षा आखूड होता. सोफा लहान मुलांच्या मापाचा वाटे. कपाटातल्या पुस्तकांना नुसते कणे होते, आत पानं नव्हती. आतल्या खोल्यांची दारं काढून टाकलेली, कारण दार उघडं राहिलं की जागा अडते. त्यामुळे माझ्या जागेवरून मला सगळं घर दिसायचं.

माझ्यावर चार ताटल्या, चार पेले आणि चमचे मांडले. पहिल्याच आठवड्यात दोन चमचे कोणाच्या तरी खिशातून गेले. मग मॅडमनी सगळंच डिंकानं पक्कं चिकटवून टाकलं. माझ्या पायांखाली गालिच्यावर खडूच्या बारीक खुणा केल्या. सफाईवाल्या मावशींचा धक्का लागून मी बोटभर सरकलो, तरी सेल्सवाल्या ताई धावत येऊन मला पुन्हा खुणेवर उभं करत. खुर्च्यांवर पाट्या होत्या, 'कृपया बसू नये'.

खोटं कशाला बोलू? कौतुक मला आवडायचं. "अय्या, काय गोड टेबल!" असं कोणी म्हटलं की माझं पॉलिश आणखी चकाके. लोक माझे फोटो काढत. पण ते निघून गेले की माझ्या अंगात एक विचित्र चुळबुळ सुरू होई. पाठीला खाज सुटावी आणि हात पोहोचू नये, तशी. घरात माणसं येत होती, पण एकही माणूस राहत नव्हतं. कोणी दमून बसत नव्हतं. दिवसाढवळ्या सगळे दिवे लावलेले, आणि मी आपला पाहुण्यांची वाट पाहत ताटल्या मांडून उभा.

अशा दिवसांत त्या दोघी आल्या. एका घरातल्या जावा, थोरली आणि धाकटी. धाकटी घर बघायला आली होती. थोरली आली होती ती, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "चार डोळे असलेले बरे" म्हणून. मोठं एकत्र कुटुंब होतं त्यांचं: सासूबाई, दोन भाऊ, या दोघी आणि पोरंबाळं. आता धाकटी आपल्या नवऱ्याला आणि मुलांना घेऊन वेगळी राहणार होती. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. तरी दोघी दाराशी पायातल्या चपला काढत होत्या, तेव्हाच मला कळलं की हवा काही साधी नाही.

सेल्सवाल्या ताईंनी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, "हा आपला प्रशस्त दिवाणखाना, इथे भरपूर नैसर्गिक प्रकाश..."

"मग भर दुपारी दिवे कशाला लावलेत?" थोरलीनं विचारलं.

ताई घाईनं पुढच्या खोलीकडे वळल्या.

त्यानंतर थोरलीनं एक खोली सोडली नाही. पांढऱ्या सोफ्यावर बोट फिरवून म्हणाली, "हा सोफा घेतला, तर पोरांना टांगून ठेवावं लागेल." स्वयंपाकघरात उघड्या फळ्यांवर रिकाम्या बरण्या रांगेत मांडल्या होत्या. त्या बघून म्हणाली, "तेलाचा धूर बसला की आठवड्यात या बरण्या चिकट. पुसायला कोण येणार, तुझ्या या ताई?" झोपायची खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये भिंतीऐवजी काच होती. ती पाहून मात्र तिनं पदर तोंडाला लावला. "अगं, आंघोळ करायची की कार्यक्रम?"

धाकटीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "ताई, काच आपण बदलू शकतो."

"कपडे वाळत कुठे घालायचे?"

"बाल्कनी आहे ना."

"तिथे यांनी झोपाळा टांगलाय. आणि केरसुणी? सबंध घरात केरसुणी ठेवायला एक कोपरा नाही. म्हणजे या घरात केर होतच नाही म्हण की."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी पाहत होतो, ती बोलत होती एकीकडे आणि तिचे हात काहीतरी वेगळंच करत होते. फळीची कड ती कुरवाळत होती. खिडकी उघडून, बाहेर डोकं काढून, तिनं दोनदा वारा अंगावर घेतला. मुलांच्या खोलीत ती एकटीच मागे रेंगाळली. हातातली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर, त्या खांद्यावरून या खांद्यावर. तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

शेवटी दोघी माझ्यापाशी आल्या. सेल्सवाल्या ताई घराचा नकाशा आणायला खाली ऑफिसात गेल्या. थोरलीनं माझ्याकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे.

"खुर्च्या चारच?"

"आम्ही चौघंच आहोत ना, ताई."

धाकटी अगदी सहज बोलली. पण थोरलीचा चेहरा एकदम उतरला. ती खुर्ची ओढून मटकन बसली.

"ताई, बसू नये असं लिहिलंय."

"लिहू दे. माझ्या गुडघ्यांना वाचता येत नाही."

मग धाकटीही समोर बसली, आणि सुतार म्हणाला होता तसंच झालं. दोघींचे गुडघे एकमेकांवर आपटले. मागे सरकायला जागा नव्हती, खुर्चीमागे आरसा होता. दोघी तशाच, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"एवढ्या वर्षांत," धाकटी हळूच म्हणाली, "आपण अशा समोरासमोर कधी बसलोच नाही. मी वाढत असते तेव्हा तुम्ही ओट्याशी, तुम्ही वाढत असता तेव्हा मी ओट्याशी."

थोरलीनं पिशवी मांडीवर घेतली.

"ताई, मी कोणावर रुसून चालले नाहीये. खरंच नाही. मला एकदा गरम जेवायचंय हो. लग्न होऊन आले तेव्हापासून सगळ्यांचं झाल्यावर गार उरलेलं जेवतेय. मध्येच कोणीतरी पाणी मागतं, कोणीतरी मीठ मागतं. घास हातात, आणि मी उभी. यांना सांगितलं तर म्हणतात, एवढंच ना? एवढंच आहे. पण रोज आहे."

"मग बोलली नाहीस ती कधी?"

"तुम्ही कधी बोललात?"

थोरलीनं आरशाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग जे बोलली ते मी आजही विसरलेलो नाही.

"आल्यापासून मी या घरात खुसपटं काढतेय, ते घर वाईट आहे म्हणून नाही गं. आवडलंय मला. ती खिडकी बघितलीस? त्या खिडकीशी मी बसलेली मला दिसले. तुझ्याआधी मी आले त्या घरात. तुझ्याआधीपासून गार जेवतेय. पण मला जायचंय असं म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि तुझी झाली. याचा आनंद मानू की तुझा राग करू, तेच मला कळत नाही. आणि तू गेलीस की त्या ओट्याशी माझं कोण?"

बोलता बोलता तिचा हात आपोआप पुढे आला. तिच्या हातांना रिकामं बसणं माहीतच नव्हतं. समोर ताटली दिसली की ती उचलायची, एवढंच ते शिकले होते. तिनं धाकटीच्या पुढची ताटली धरली आणि ओढली. ती हलेना. तिनं जोर लावला.

कर्रर्र!

ताटली निघाली, आणि तिच्याबरोबर माझ्या अंगावरचा तळहाताएवढा पातळ पापुद्राही निघून आला. खालचं कच्चं, फिकट लाकूड उघडं पडलं. मित्रांनो, त्याला वारा लागला तेव्हा मला काय वाटलं म्हणून सांगू! कानात फुंकर घातल्यासारखं, गुदगुल्या झाल्यासारखं, आणि लाजल्यासारखंही.

"चिकटवलेली आहे!" थोरली ओरडली. "अगं, ताटल्या चिकटवल्यात यांनी!"

आणि मग दोघींना असं काही हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसणं संपलं तरी ते पाणी काही थांबेना.

सेल्सवाल्या ताई नकाशा घेऊन आल्या, त्यांनी मला पाहिलं आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. "अहो, हे काय केलंत? मॅडम मला कच्चं खातील!" त्यांनी फोन लावला. मॅडमचा आवाज मलाही ऐकू आला, "डागाळलेली वस्तू आपल्याकडे चालत नाही. भरपाई घ्या आणि ते टेबल हलवा तिथून."

हलवा तिथून! काल ज्याचे फोटो काढत होते, तो मी आज अडगळ झालो. मला वाईट वाटायच्या आतच थोरली उठून उभी राहिली. डोळे पुसून म्हणाली, "फाडलं मी आहे, तर सांभाळीनही मीच. भरपाई घ्या आणि टेबल आमच्या घरी पाठवा."

"ताई, आपल्याकडे कुठे मावायचं?" धाकटीनं विचारलं.

"तू चाललीस ना? जागा होईल," थोरली म्हणाली. यावेळी तिच्या आवाजात राग नव्हता.

असा मी त्यांच्या घरी आलो. उरलेल्या तीन ताटल्या थोरलीनं गरम पाणी ओतून ओतून सुट्या केल्या. मला स्वयंपाकघरात भिंतीला लावलं, दोन खुर्च्यांसह. घरभर माझी चेष्टा झाली. पोरं मला 'बाहुलीचं टेबल' म्हणत. सासूबाई म्हणाल्या, "एवढी माणसं घरात, आणि आणलंय काय, तर चिमणीला पुरेलसं!" थोरले भाऊ, म्हणजे थोरलीचे यजमान, माझ्यावर हेल्मेट ठेवू लागले.

यथावकाश इमारत पुरी झाली. धाकटीचं सामान गेलं, पोरं गेली, दोन टोपल्या भरून भांडी गेली. थोरलीनंच ती कागदात गुंडाळून दिली. त्यानंतर पुष्कळ दिवस तिचं कशातच लक्ष लागेना. ओट्याशी उभी असताना ती अर्धं वाक्य बोलून बाजूला बघायची, आणि बाजूला कोणी नसायचं. माझ्यावर भाजीची जुडी ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. तिची ती तगमग बघून माझ्या पायांतही कळा येत.

मग एका दुपारी तिनं सगळ्यांना वाढलं. भांडी बाहेरच्या खोलीत मधोमध नेऊन ठेवली. परत आली, हेल्मेट उचलून खाली ठेवलं, एक ताट वाढून घेतलं आणि ती माझ्यापाशी बसली. ताटातून वाफ येत होती. ती वाफ माझ्या त्या उघड्या लाकडाला लागली. माझ्यावर वाढलेलं ते पहिलं जेवण!

तिनं पहिला घास घेतला. घाईघाईनं, चोरी केल्यासारखा. दुसरा घास उचलला, तोच बाहेरून थोरले भाऊ म्हणाले, "अगं, मीठ दे जरा!"

तिचा हात थांबला. खुर्ची मागे सरकली. मी चारही पाय रोवून उभा होतो, पण टेबलाला कोणाचा पदर धरता येत नाही.

ती अर्धी उठलीच होती, इतक्यात सासूबाईंचा आवाज आला. तोच करडा आवाज, ज्याला सगळं घर वचकून असे.

"ती जेवतेय. मीठ फडताळात आहे. तुला पाय आहेत ना?"

मग थोरले भाऊ आत आले, दोन डबे चुकीचे उघडले, तिसऱ्यात मीठ सापडलं, आणि ते कानामागे खाजवत निघून गेले. थोरली खाली बसली. तिनं घास तोंडात घातला आणि सावकाश, अगदी सावकाश चावला.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर गरम पातेल्यांची वर्तुळं आहेत. कोणा पोरानं कंपासच्या टोकानं मांजर कोरलंय. मॅडमनी मला पाहिलं, तर ओळखही देणार नाहीत. तुमच्या घरीही एखादं टेबल असेल, एखादी खुर्ची असेल. त्यांना पुसा, जपा, पण देव्हाऱ्यात बसवू नका. आणि जेवायला बसाल तेव्हा एकदा मान वर करून बघा, घरातलं कोण अजून उभं आहे. त्याला बसायला सांगा. मीठ तुमचं तुम्ही घ्या.