चिकट माती

"ही काय माती हाय?" बाळासाहेबांनी मूठ उघडली आणि कान्नो या जपानी आजीच्या अंगणातली पिवळी रेव बोटांतून गळू दिली. "ह्यात कोथमीर तरी उगवंल का?"

"अण्णा, ही डोंगर फोडून आणून पसरलीय. मूळची माती खरवडून नेली सरकारनं," हरीश म्हणाला.

"कुठं नेली?"

हरीशनं हनुवटी रस्त्यापलीकडं केली. भातखाचरांच्या जागी काळ्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, डोंगराच्या पायथ्यापर्यंत.

"म्हंजी चोरानं ऐवज उचलला आन् आपल्याच दारात रचून ठिवला. आन् वर सांगतुयास साफसफाई झाली!"

 बापाशी वाद घालण्यापेक्षा पाखरं मोजणं सोपं, हे हरीश फार लवकर शिकला होता. इंग्लंडात चार वर्षं गोठ्यांतून, कुंपणांतून चिमण्या आणि पाकोळ्या बघत हिंडला आणि डॉक्टर झाला. बाळासाहेब गावात नुसतं 'डॉक्टर' म्हणून सांगत, कशाचा ते सांगत नसत. आता तो जपानात, त्सुकुबा शहरातल्या संशोधन संस्थेत होता आणि बापाला दोन महिन्यांसाठी आणलं होतं. फ्लॅटमध्ये बसून बाळासाहेब कचऱ्याच्या वर्गवारीवरून शेजाऱ्यांशी खुणांनी भांडायला लागले, तेव्हा त्यांना कामावर सोबत घेऊन यावंच लागलं.

काम फुकुशिमाच्या डोंगरातलं. भूकंप झाला, समुद्र चढला, अणुभट्टी फुटली आणि ज्या गावाला समुद्र कधी दिसला नव्हता त्या गावावर एका रात्रीच्या पावसात किरणोत्साराचं विष उतरलं. माणसं उठवली. सहा वर्षांनी सांगितलं, आता या. आली ती म्हातारी तेवढी. पाकोळी माणसाच्या दारावर चिखलाचं घरटं बांधते, कारण वर्दळीला कावळा बिचकतो. माणसं गेली तशा पाकोळ्याही गेल्या होत्या. त्या परतताहेत का, हे हरीश बघत होता.

कान्नो आजीही तेच बघत होती, पण तिचं कारण वेगळं. तिचा मुलगा केन्जी नागोयाला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. नात सात वर्षांची. आजीनं ती फोनच्या पडद्यावर वाढताना बघितलेली. "कधी आणतोस?" असं तिनं फारच लावून धरलं, तेव्हा केन्जी म्हणाला होता, "दारावर पाकोळ्या आल्या की आणतो."

"टाळायला म्हणाला असेल," हरीशनं बापाला सांगितलं.

"आक्काला ते कळत न्हाई व्हय? कळतंय. पर शबूद त्यो शबूद."

पाकोळ्यांची एक जोडी आली होती. तारेवर बसायची, दारावरच्या फळीभोवती घिरट्या घालायची आणि निघून जायची. खाचरांत पाणी नाही, चिखल नाही. रेवेचं घरटं होत नाही. आजी उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडं बघायची आणि बाळासाहेब आजीकडं.

हरीश बापाला आजीकडं ठेवून पंधरा दिवस पलीकडच्या गावांत मोजणीला गेला. इकडं बाळासाहेबांनी फावडं घेतलं. रिकाम्या गोठ्यामागं, झाडांच्या सावलीत, पन्हाळीचं पाणी पडायचं तिथं त्यांना ती सापडली: काळी, लोण्यासारखी, मूठ दाबली तर बोटांचे ठसे धरणारी.

"आक्का, ही बघा! ह्याला म्हणत्यात माती!"

आजीला मराठी कळत नव्हतं, पण तिनं चिमटीत घेऊन दाबली आणि हसली. "ओतोसान," म्हणाली. म्हणजे बाबा. हरीशचे बाबा म्हणून सगळ्यांचे बाबा.

बाळासाहेबांनी माती अंगणाच्या कोपऱ्यात आणली, पाणी घातलं, गोठ्यातला जुना पेंढा मिसळला, धोतर खोचून तुडवली. दुपारपर्यंत पाकोळ्या खाली उतरल्या. हरीश परत आला तेव्हा घरटं पुरं होऊन मादी आत बसली होती, आजीनं नागोयाला फोन केला होता आणि घरात शुभप्रसंगाचा लाल भात शिजत होता. केन्जी दुपारी पोहोचणार होता.

हरीशला आधी आनंदच झाला. मग त्यानं विचारलं, "चिखल कुठून मिळाला त्यांना?"

"गोठ्यामागनं. ऱ्हायली हुती तिथं चांगली."

"अण्णा, सफाईवाले तिथं गेलेच नव्हते. छपरावरचं सगळं विष पाण्याबरोबर तिथं उतरलंय एवढी वर्षं. पायांनी तुडवलीत?"

"मग काय चमच्यानं?"

हरीश किरणोत्सार मोजायचा मीटर आणायला वळला, तेवढ्यात गाडी आली. केन्जी उतरला तो मास्क लावून, हातात स्वतःचा मीटर. अंगणातल्या रेवेवर धरला: ठीक. उंबऱ्यावर धरला: ठीक. पोरीनं गाडीच्या काचेतून घरट्याकडं बोट दाखवलं, म्हणून त्यानं हात उंचावून तिथंही धरला. मीटर टिवटिवायला लागला.

केन्जीनं आवाज चढवला नाही. तो आईला एवढंच म्हणाला, की ते खाली काढलंस तर पोर आत येईल.

"काय म्हनला?" बाळासाहेबांनी विचारलं. हरीशनं सांगितलं. बाळासाहेबांना गोठ्यामागं जाऊन तोंड लपवावंसं वाटलं, पण तिथंच तर सगळं मुरलं होतं.

आजी आत गेली आणि बांबूचा झाडू घेऊन आली. हरीश ओरडला, "थांबा, कोरडं आहे, असं नका..." तिनं डोळे मिटून झाडू मारला. घरटं फुटलं. अंडी पायरीवर फुटली. वाळक्या मातीचा धुरळा उठला आणि दारावर, आजीच्या केसांवर, झाडूवर बसला.

केन्जी दोन पावलं मागं सरला. मीटर बघितला. कमरेत वाकून आईला नमस्कार केला आणि गाडीत बसला. नात काचेतून हात हलवत होती. गाडी काळ्या पोत्यांच्या रांगेमागं गेली तरी आजी हात हलवत राहिली.

हरीशनं हातमोजे घातले, ढेकळं पिशवीत भरली, पिशवीवर तारीख टाकली. लाल भात तिघांनी खाल्ला. कुणी चांगला झालाय म्हणालं नाही.

रात्री पाऊस झाला. सकाळी हरीशनं गोठ्यामागची जागा आणि अंगणातला चिखल निळ्या ताडपत्रीनं झाकला, कडांना दगड ठेवले. पाकोळ्या ताडपत्रीवर उतरल्या, चोची आपटल्या, तारेवर जाऊन बसल्या.

आजी उठली, अंगणातला एक दगड बाजूला सारला आणि ताडपत्रीचं टोक ओढायला लागली. वर पाणी साचलेलं. जड झाली होती.

"आजी, पाकोळ्यांच्या पिल्लांत उतरतं ते विष," हरीश जपानीत कळवळून म्हणाला.

ती न थांबता काहीतरी बोलली.

"काय म्हनली रं?"

हरीशनं सांगितलं, "म्हणाली, स्वच्छ रेव घालून बघितली. तिच्यावर कुणी येत नाही."

बाळासाहेबांनी आपल्या पायांकडं बघितलं. मग बूट काढून ठेवले आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

"व्हा बाजूला, आक्का. वजन हाय."