मुंगसाच्या मिशांतला कापूस

कळमनुरीजवळ कयाधू नदीच्या पात्राखाली वीतभर उंचीच्या माणसांचं राज्य आहे. केतकाई तिथली राणी. यंदा त्यांच्या झऱ्यातला निळा मणी चोरीला गेला आणि पाणी आटू लागलं. राजकन्या रेवा मणी शोधायला निघाली, तोच एक मुंगूस वाट दाखवायला हजर झाला.

"मणी डोंगरावर हाय. मी थेट तिथूनच येऊन राहिलो," तो म्हणाला.

राणीला त्याच्या मिशांत कापसाचे तंतू दिसले. डोंगरावर कापूस कुठला? तो तर जवळा बाजार गावच्या कापूसबाजारात. शिवाय मणी गेल्याचं बाहेर कुणाला सांगितलंच नव्हतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. पोरीला कोंडून ठेवावं, असंही क्षणभर वाटलं. पण तिनं रेवाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"मंग मी जाऊ नको का, आई?"

"जा. पण तो म्हणंल तिकडं न्हाई, तो लपवतो तिकडं जा."

राणीनं स्वतःची बाभळीच्या काट्याची तलवार तिच्या कमरेला बांधली.

बाहेर येऊन रेवा म्हणाली, "डोंगर राहू दे. बाजाराकडं चल."

"तिकडं काहून?" मुंगसाचा आवाज चिरकला. तलवार उपसलेली पाहताच तो पळाला.

तिसऱ्या दिवशी रेवा परतली. कापसाच्या गंजीखाली, मुंगसाच्या बिळात मणी सापडला होता. दरबारानं राणीचा जयजयकार सुरू केला.

"माझा काहून? मी तर घरीच होते," असं म्हणून राणीनं रेवाला पुढं केलं आणि मणी तिच्याच हातानं झऱ्यात ठेवायला लावला.