पाटीवरचं झाकलेलं चित्र

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे. माझ्यावर कुणी मुळाक्षरं गिरवली नाहीत. हातभर प्लायवूडची फळी, तिच्यावर चिकटवलेली चित्रं आणि वरून जाड प्लास्टिक, एवढाच माझा थाट. ज्यांची वाचा गेली त्यांनी माझ्यावर बोट ठेवायचं आणि समोरच्याने ते बोलणं समजून ऐकायचं. काम मोठ्या अब्रूचं आहे. पण माझी कहाणी सांगताना माझी मान काही वर होत नाही.

माझा जन्म इस्पितळातल्या एका छोट्या खोलीत झाला. पक्षाघाताने बोलणं गेलेल्या माणसांना बोलतं करणाऱ्या एक बाई तिथे बसत. सगळे त्यांना वाचाबाई म्हणत. त्यांनी माझ्यावर चौकोन आखले आणि एकेक चित्र चिकटवलं. पाण्याचा पेला, पांघरूण, औषधाची बाटली, डोकं धरून बसलेला माणूस, संडासाचं भांडं. जेवणाचं ताट असं काढलं होतं की भुकेल्याचीही भूक मरावी. खाली एका कोपऱ्यात हिरवी खूण, म्हणजे ‘हो’. दुसऱ्या कोपऱ्यात लाल फुली, म्हणजे ‘नाही’. मधले काही चौकोन त्यांनी कोरे ठेवले. ते ज्यांच्यासाठी पाटी होती त्या आजींना विचारून भरायचे, असं त्यांनी घरच्यांना बजावलं. पाटी कायम त्यांच्या डाव्या हाताशी ठेवा, आणि त्या जे सांगतील ते आवडलं नाही तरी ऐका, असंही बजावलं.

ज्या आजींसाठी मी झाले त्यांना गल्लीत कात्रीबाई म्हणत. एक तर त्यांचं शिवणाचं दुकान होतं, आणि दुसरं म्हणजे त्यांची जीभ. माप देताना कुणी पोट आत ओढलं की त्या म्हणायच्या, “श्वास सोड बाबा. शर्ट तुला घालायचाय, तुझ्या थापेला नाही.” घरात त्या जिभेचा पट्टा आधी सुनेवरून फिरायचा. तिचा चहा पांचट, तिची इस्त्री चुरगळलेली, तिचं चालणं म्हणजे घरात हत्ती शिरल्यासारखं. सून उलट बोलायची नाही. मान खाली घालून कामाला लागायची.

एका सकाळी मशीनवर कापड सरकवताना बाईंचा उजवा हात लुळा पडला आणि शब्द घशातच राहिले. डोकं शाबूत होतं, कानही शाबूत होते. तरी भेटायला येणारे त्यांच्या कानाशी ओरडत, “जे-व-लात का?” जसं काही वाचेबरोबर अक्कलही गेली होती. मग त्यांच्या देखत घरच्यांना विचारत, “यांना कळतं का हो काही?” बाई डोळे मिटून घ्यायच्या. चारचौघांत संडासाच्या चित्रावर बोट ठेवायची वेळ आली की त्या ओठ घट्ट मिटून बसायच्या आणि पाहुणे जाईपर्यंत कळ काढायच्या. ते चित्र माझ्याच अंगावर होतं. त्यांची ती घालमेल पाहताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण लाल फुलीवर मात्र त्यांचं बोट दणक्यात पडायचं. औषध? नाही. झोपता का? नाही. हा गाऊन घालू? नाही. बोलणं गेलं होतं, स्वभाव थोडाच गेला होता? सून दिवसभर एकटी त्यांच्यापाशी. रात्री झोप नाही, दिवसा उसंत नाही. एके दुपारी तिने तीनदा गरम केलेली पेज बाईंनी तीनदा फुलीवर बोट आपटून परत पाठवली.  सुनेने कपाटातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर औषधाच्या दुकानाचा फोन नंबर होता. तिला गोंद लावला आणि ती बरोब्बर लाल फुलीवर चिकटवली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती म्हणाली, “नंबर सापडत नाही वेळेवर. म्हणून इथेच लावला.”

“बरं केलंस,” तो माझ्याकडे न बघताच म्हणाला.

बाई किती तरी वेळ त्या चिठ्ठीकडे बघत होत्या. मग त्यांनी सुनेकडे बघितलं. सून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. घातलेलीच घडी मोडून पुन्हा घालत होती.

मित्रांनो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी तेव्हा पाहिला. दाबलेलं तोंड बाईंचं, आणि ते दाबायचं साधन मी. त्यानंतर घर शांत झालं. येणारे-जाणारे म्हणू लागले, काकू किती समजूतदार झाल्या, आणि सुनेने सेवा करावी तर अशी. प्रत्येक कौतुकाला सून आत काही तरी विसरल्यासारखी उठून जायची. वाचाबाईंकडे पुन्हा जायचं राहूनच गेलं. मुलगा म्हणायचा, चाललंय की छान.

अशात दुकानाचा विषय निघाला. गाळा बंद पडून होता. शेजारचा मोबाइलवाला तो मागत होता. मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं. आई आता शिवणार नाही, मग कुलूप कशाला सांभाळायचं, एवढाच त्याचा हिशेब. दुकान आईच्या नावावर, म्हणून तिचा अंगठा हवा. मोबाइलवाला कागद घेऊन घरी आला. मुलाने मला आईच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, “आई, गाळा यांना देऊन टाकू या. चालेल ना तुला?”

बाईंनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग बोट दाबलं. मग नखाने चिठ्ठी खरवडायला लागल्या. पण डाव्या हातात तेवढा जोर नव्हता. शेवटी मूठ वळून त्यांनी माझ्यावर धाडकन मारली.

“काकू काय म्हणताहेत?” मोबाइलवाल्याने विचारलं.

“औषधाची वेळ झाली असेल,” मुलगा म्हणाला आणि बायकोकडे वळला. “दिलं नाहीस का गं?”

सून दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. औषध तिने कधीच दिलं होतं. ती माझ्यावरच्या चिठ्ठीकडे बघत राहिली. मुलाने शाईचा पॅड उघडला आणि आईचा डावा हात हातात घेतला. बाईंनी अंगठा मुठीत धरून ठेवला. मुलगा एकेक बोट मायेने उलगडू लागला.

“बोटं आखडतात हो तिची,” तो मोबाइलवाल्याला समजावत होता.

सून गप्प बसली असती तर चिठ्ठीखाली काय आहे ते कुणालाच कळलं नसतं. बाई सांगू शकत नव्हत्या. मी तर नाहीच नाही. सुनेची सेवा गावभर गाजत राहिली असती. तिने ट्रे खाली ठेवला. 

“थांबा. आईंना औषध नकोय,” ती म्हणाली. गुडघ्यांवर बसून तिने नखाने चिठ्ठी ओरबाडली. गोंद पक्का होता. कागद तुकड्यातुकड्यांनी निघाला, माझं प्लास्टिकही फाटलं. “हे मी लावलंय. खाली ‘नाही’ आहे. त्या केव्हाच्या नाही म्हणताहेत.”

 मोबाइलवाला आपल्या चपलांकडे बघत उठला, नंतर येतो म्हणाला आणि चहा न घेताच गेला. मुलाच्या हातात पॅड तसाच उघडा.

“मी विचारलं होतं की तिला,” तो पुटपुटला. खोटं नव्हतं ते. विचारत तर सगळेच होते.

मग ते तिघं पुन्हा वाचाबाईंच्या खोलीत गेले. या वेळी नवी पाटी कात्रीबाईंना विचारून झाली. दुकानाचं शटर त्यांनी निवडलं, खिडकी निवडली. एका चौकोनासाठी मात्र कुठलंच चित्र त्यांना पसंत पडेना. वाचाबाई काढत गेल्या, त्या नाही म्हणत गेल्या. अखेर वाचाबाईंनी गाढव काढलं तेव्हा बाईंनी हिरव्या खुणेवर बोट ठेवलं. आता सकाळी शटर उघडतं. बाई खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना पाटीवरून सुनावतात, आणि ते चित्र सगळ्यांत आधी झिजणार असं दिसतं.

मी बाईंच्या खोलीत कपाटावर असते. परवा सून त्यांचे केस विंचरत होती. विंचरता विंचरता तिने हळूच विचारलं, “आई, माझ्यावरचा राग गेला का?”

बाईंनी बोट ठेवलं. ‘नाही’वर.

सुनेचे डोळे भरून आले. नवी पाटी पलंगाच्या कडेला घसरली होती, बाईंच्या हातापासून दूर. तिने ती उचलली आणि पुन्हा त्यांच्या डाव्या हाताशी नीट टेकवून ठेवली. मग राहिलेले केस विंचरले.

मित्रांनो, माझं फाटलेलं प्लास्टिक आता सांधलं जाणार नाही, आणि माझी लाजही कमी होणार नाही. पण तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणी हातांनी, चित्रांनी, डोळ्यांनी बोलत असेल, तर त्याचं बोलणं त्याच्या हाताशी राहू द्या. आपल्याला बरं वाटेल तेवढंच ऐकून घेऊ नका. त्याचा नकार ऐकायला जड गेला, तरीही तो पुसू नका.