शेळ्या विकू नका, काका

जालना रोडवरच्या एका कॉलेजात मी इंग्रजी लिहायला शिकवते. दुधानं तोंड पोळलंय माझं, म्हणून ताकही फुंकून पिते. हल्ली पोरं मोबाइलला विचारतात, तो लिहून देतो आणि हे बहाद्दर खाली स्वतःचं नाव टाकतात.

परवा सांगितलं, कुणाचं तरी मन वळवणारा निबंध लिहून आणा. सगळ्यांचे नेहमीसारखेच आले, गाइडातल्या वाक्यानं सुरू, गाइडातल्या वाक्यानं खलास. पण खुलताबादच्या सुकेशनीचा वाचला आणि मी उठूनच बसले. तिचे कडूबाकाका शेळ्या विकायला निघालेत, त्यांना थांबवायचं. पोरीनं आधी काकांचीच बाजू घेतलेली. चराईला रान उरलं नाही, गुडघे दुखतात, सगळं कबूल. मग हळूच असं वळवलं की माझ्याकडं शेळ्या असत्या तर मीही विकल्या नसत्या.

म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. वर्गात हिच्या तोंडून इंग्रजीचा शब्द फुटत नाही, आणि हे हिचं?

"मोबाइलनं लिहिलं ना?"

"नाय मॅडम, मीच लिहिलं. आईशप्पथ."

"शपथा नकोत. उद्या माझ्यासमोर दुसरा लिही. नाहीतर प्राचार्यांकडं तक्रार, आणि तुझ्या वडलांना फोन."

पोरगी पांढरीफटक पडली. वडील तिचं कॉलेज बंद करायला निमित्तच शोधत होते, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या नाकासमोर बसून तिनं लिहिलं. झाडं का लावावीत. तीच ओळखीची सुरुवात, शेवटी तोच गुळगुळीत उपदेश. माझ्या जिवात जीव आला.

"बघ, हे कसं तुझं वाटतं! जा, नाही करत तक्रार."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. डोळे भरलेले, पण आवाज कडक.

"मॅडम, हे गाइडातलं हाय. पान पाठ होतं मला. शेळ्यांचं माझं होतं."

"अगं बाई, मग आजही तसंच लिहायचं ना!"

"तसं लिहिलं असतं तर तुम्ही म्हणला असता, पाठ करून आली. तुम्हीच शिकवलं ना, वाचणाऱ्याला काय पटतं ते आधी वळखा. तुम्हाला हेच पटतं."

लई लाज वाटली मला. थांब म्हणेपर्यंत ती एसटी गाठायला निघूनही गेली. पुन्हा शेळ्यांसारखंच स्वतःचं लिही, म्हणून आता मला तिचं मन वळवायचं होतं, आणि सुरुवात कुठून करावी तेच सुचत नव्हतं.